जाणत्या वयाचा प्रश्न : आई-वडील विभक्त झाल्यावर मुलाला कोणी विचारले?

१/
आई-वडील विभक्त झाले की मूल कोणाकडे राहणार, हा प्रश्न न्यायालयांपुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ येत आहे. या खटल्यांत आधी वडिलांचे म्हणणे ऐकले गेले, कालांतराने आईचे ऐकले गेले. धर्म, कुळ आणि मालमत्ता यांचाही विचार झाला. ज्याच्याविषयी हा सारा वाद, त्या मुलाला मात्र फार उशिरा विचारण्यात आले. सारे काही कळणाऱ्या चौदा-सोळा वर्षांच्या मुलांचीही हीच गत होती. त्या विलंबाचा हा इतिहास. त्यात लंडन आहे, मुंबई आहे, मद्रास आहे. शिवाय बाळशास्त्री जांभेकर, ॲनी बेझंट आणि जे. कृष्णमूर्ती ही ओळखीची नावेही आहेत.

२/
प्रारंभ इंग्लंडपासून करावा लागतो, कारण भारतात आजही लागू असलेल्या पालकत्वाच्या कायद्याची मुळे तेथील विचारात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कायद्यानुसार विवाहसंबंधातून जन्मलेल्या मुलावर जवळजवळ निरपवाद अधिकार वडिलांचा असे. १८०४ च्या डी मॅनव्हिल खटल्यात मूल अवघे आठ महिन्यांचे, अंगावर पिणारे होते. वडिलांनी ते आईपासून ओढून नेले. आईने न्यायालयात धाव घेतली. लॉर्ड एलनबरो यांनी वडिलांचाच हक्क मान्य केला.

३/
१८३६ चा ग्रीनहिल खटला याहून गाजला. पतीचे परस्त्रीशी संबंध उघड झाल्यावर पत्नी आपल्या तीन लहान मुलींसह वेगळी राहू लागली. मुली सहा वर्षांच्याही नव्हत्या. दोष पतीचा होता हे सर्वांना ठाऊक होते, तरीही मुली वडिलांच्या हवाली कराव्यात असाच आदेश निघाला. परंतु या निकालाच्या ओघात न्यायालयाने एक तत्त्व सांगितले आणि पुढील शतकभर ते पुनःपुन्हा उद्धृत झाले : मूल जाणत्या वयाचे असेल, तर त्याने कोठे जावे हे त्याचे त्याने ठरवावे, नसेल, तर न्यायालय त्याला योग्य व्यक्तीच्या ताब्यात देईल.

४/
हे तत्त्व मुलांविषयीच्या कळवळ्यातून जन्मलेले नाही. असे खटले ‘हेबियस कॉर्पस’ म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाच्या अर्जावर चालत. या अर्जाचा हेतू एकच : कोणी बेकायदा अडकवून ठेवले असेल तर त्याला मोकळे करणे. ज्याला स्वतःचे बरे-वाईट कळते, त्याला मोकळे केले की न्यायालयाचे काम संपले. पुढे तो जिकडे जाईल तिकडे जावो. तान्ह्या बाळाला ‘मोकळे’ करण्याला मात्र अर्थ नसतो. त्याला कोणाच्या तरी हाती सोपवावेच लागते. मुलाच्या निवडीचा हक्क अशा रीतीने एका प्रक्रियेच्या फटीतून कायद्यात शिरला.

५/
मग जाणते वय कोणते? इंग्रजी न्यायालयांनी हळूहळू आकडे ठरवले : मुलगा असल्यास १४, मुलगी असल्यास १६. १८६० मध्ये सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या एका मुलीचा प्रश्न आला. तिची समज कितीही प्रगल्भ असली तरी प्रत्येक मुलीची वेगळी परीक्षा न्यायालय घेणार नाही, सोळा ही ठरलेली रेषा आहे, असे सांगून तिला वडिलांकडे पाठवण्यात आले. रेषा आखली की न्यायाधीशाचे काम सोपे होते. रेषेच्या अलीकडे काही महिन्यांनी उभ्या असलेल्या व्यक्तीचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

६/
याच काळात आईच्या हक्काचा लढा उभा राहिला. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन हिच्या पतीने १८३६ मध्ये पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर तिच्याशी संबंध असल्याचा दावा लावला आणि तो हरला. तरीही तिची तीन मुले त्याच्याकडेच राहिली. त्यांचे दर्शनही तिला दुर्लभ झाले. तिने पत्रके लिहून हा अन्याय संसदेपर्यंत नेला. परिणामी १८३९ चा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आणि त्याहून मोठ्या मुलांच्या भेटीसाठी आई प्रथमच अर्ज करू शकली. व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला मात्र हे दार बंदच होते. नॉर्टनचा धाकटा मुलगा १८४२ मध्ये घोड्यावरून पडून झालेल्या इजेने वारला, तेव्हा तो वडिलांच्याच ताब्यात होता.

७/
१८३९ च्या या कायद्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आई अर्ज करू शकत होती, वडील विरोध करू शकत होते. मुलाचे मत विचारात घेण्याविषयी कोठेही शब्द नव्हता. १८७३ मध्ये आईच्या ताब्यासाठीची वयोमर्यादा सातवरून सोळावर नेण्यात आली. १८८६ मध्ये मुलाचे हित, पालकांची वर्तणूक आणि आई व वडील या दोघांच्या इच्छा न्यायालयाने पाहाव्यात, असे ठरले. कायद्यात ‘इच्छा’ हा शब्द आला, पण ती इच्छा पालकांची होती.

८/
आता मुंबई. १८३९ मध्येच येथील सुप्रीम कोर्टापुढे एक खटला उभा राहिला. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शहरात खळबळ माजली. धनजीभाई अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याला परत मिळवण्यासाठी बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज झाला आणि विल्सन यांना त्याला न्यायालयात हजर करावे लागले. न्यायालयाने त्याला आपल्या इच्छेने जाण्यास मोकळीक दिली. तो विल्सन यांच्याकडे परतला.

९/
चार वर्षांनी, १८४३ मध्ये, त्याच न्यायालयापुढे श्रीपत शेषाद्री आला. त्याचा थोरला भाऊ नारायण शेषाद्री याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि भावापाठोपाठ श्रीपतही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयाला गेला होता. वय सुमारे बारा. वडिलांनी अर्ज केला. श्रीपतची स्वतःची ओढ भावाकडे होती. परंतु तो जाणत्या वयाचा नाही असे ठरवून न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांनी प्रसिद्ध केलेल्या निवाड्यांच्या संग्रहात हा खटला नेस्बिट यांच्या नावाने नोंदलेला आहे.

१०/
शहर एक, न्यायालय एक, वादाचे स्वरूपही एक. निकाल मात्र उलटे. फरक चार-पाच वर्षांच्या वयाचा होता. श्रीपतच्या कथेचा उत्तरार्ध मराठी वाचकांना परिचित आहे. मिशनरीच्या घरी राहिलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठा वाद झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी सनातन्यांचा रोष पत्करून त्याच्या शुद्धीची बाजू घेतली. आपल्या सामाजिक इतिहासात ही घटना जांभेकरांच्या सुधारकी धैर्याची म्हणून नोंदली जाते, आणि ते यथार्थच आहे. पण बारा वर्षांच्या ज्या मुलावरून न्यायालय, मिशन आणि जातसभा भांडत होत्या, त्याची स्वतःची बाजू त्या इतिहासात फारशी उरलेली नाही.

११/
हे दोन्ही खटले घटस्फोटाचे नव्हते. तरीही या विषयात ते महत्त्वाचे आहेत, कारण घटस्फोटाच्या खटल्यांत पुढे वापरले गेलेले ‘जाणते वय’ हे माप भारतात प्रथम धर्मांतराच्या वादांत वापरले गेले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला निवड असते आणि बारा वर्षांच्या मुलाला नसते, हा दंडक मुंबईने घटस्फोटाचे खटले दिसण्याच्या कितीतरी आधी पाहिला.

१२/
पुन्हा इंग्लंड, वर्ष १८७८. लिओपोल्ड ॲगर-एलिस प्रॉटेस्टंट, पत्नी हॅरिएट कॅथलिक. १८६४ मध्ये लग्नापूर्वी मुलांना कॅथलिक धर्मात वाढवण्याचे वचन त्याने दिले होते आणि नंतर ते मोडले. आईने तिन्ही मुलींना गुपचूप स्वतःचा धर्म शिकवला. मुलींनी वडिलांच्या चर्चमध्ये जाण्यास नकार दिला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. लग्नापूर्वीचे वचन कायद्याने बंधनकारक नाही, मुलांचा धर्म वडील ठरवतील, असा निर्णय झाला.

१३/
१८८३ मध्ये त्याच कुटुंबातील दुसरी मुलगी सोळा वर्षांची झाली. ती आईपासून दूर वाढत होती. भेटींवर आणि पत्रव्यवहारावर वडिलांचे नियंत्रण होते. तिची आणि आईची न्यायालयाकडे मागणी साधी होती : सुट्टीचा काळ आईजवळ घालवू द्यावा. अपील न्यायालयाने नकार दिला. वडिलांचे गंभीर गैरवर्तन नसेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या अधिकारात न्यायालय हात घालणार नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. कुटुंबाचा नैसर्गिक क्रम तोच आहे अशी त्यांची धारणा होती. सोळाव्या वर्षी मोकळे होण्याचा जुना आधारही येथे लंगडा पडला.

१४/
योगायोग असा की १८७८ मध्येच लंडनच्या न्यायालयात दुसऱ्या एका आईने आपली मुलगी गमावली. ती आई म्हणजे ॲनी बेझंट. पाद्री असलेल्या पतीपासून त्या १८७३ मध्ये विभक्त झाल्या. करारानुसार मुलगा डिग्बी वडिलांकडे आणि मुलगी मेबल आईकडे राहिली. १८७७ मध्ये संततिनियमनावरील पुस्तिका छापल्याबद्दल चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह बेझंट यांच्यावर खटला चालला. पाठोपाठ पतीने मेबलचा ताबा मागितला. आई नास्तिक आहे आणि अशी पुस्तिका छापते, या कारणांवरून सर जॉर्ज जेसेल यांनी आठ वर्षेही पूर्ण न झालेली मेबल वडिलांना दिली.

१५/
मेबलला कोणी विचारले नाही. त्या वयात विचारण्याची प्रथाही नव्हती. पण सज्ञान होताच मेबल आणि डिग्बी दोघेही आईकडे परतले. ज्या दिवशी कायद्याने त्यांना मत असण्याची मुभा दिली, त्या दिवसानंतर त्यांचे मत स्पष्ट झाले. न्यायालयाने घेतलेला निर्णय आणि मुलांनी घेतला असता तो निर्णय यांत अंतर असू शकते, याचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

१६/
या पार्श्वभूमीवर १८९० चा भारतीय ‘पालक आणि पाल्य अधिनियम’ वाचावा. ॲगर-एलिस निकालाला केवळ सात वर्षे झाली होती. कलम १७ मध्ये पालक नेमताना पाल्याचे वय, लिंग, धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व सामर्थ्य, मृत आई-वडिलांची इच्छा यांचा विचार करण्यास सांगितले आहे. आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात एक छोटेसे वाक्य आहे, त्याचा आशय असा : पाल्य समंजस पसंती व्यक्त करण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकेल.

१७/
या वाक्यातील दोन गोष्टी निरखून पाहाव्यात. पहिली : वयाचा आकडा नाही. चौदा-सोळाच्या रेषेऐवजी समज हे माप आले. प्रत्येक मुलाकडे स्वतंत्रपणे पाहणे आले. दुसरी : क्रियापद ‘घेऊ शकेल’ असे आहे, ‘घेईलच’ असे नाही. दार उघडले, पण ते ढकलायचे की नाही हे न्यायाधीशांवर सोपवले. तरीही हा मजकूर काळाच्या पुढचा होता. इंग्लंडमध्ये १८९१ च्या एका कायद्याने मर्यादित प्रसंगी मुलाची इच्छा जाणून घेण्याची तरतूद केली. ताब्याच्या सर्वसाधारण कायद्यात मात्र मुलाची इच्छा स्पष्ट शब्दांत येण्यास तेथे आणखी सुमारे शंभर वर्षे लागली.

१८/
कायद्याच्या पुस्तकात वाक्य असणे आणि न्यायालयात ते उच्चारले जाणे यांत अंतर असते. ते अंतर उघडे पाडणारा खटला १९१२ मध्ये मद्रास प्रांतात सुरू झाला, आणि त्यात प्रतिवादी होत्या त्याच ॲनी बेझंट. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत काम करणाऱ्या नारायणय्या यांनी मार्च १९१० मध्ये आपले दोन मुलगे कृष्णमूर्ती व नित्यानंद यांचे पालकत्व बेझंट यांना लेखी दिले होते. पुढे त्यांचे मन पालटले. मुले तोवर इंग्लंडला पोहोचली होती. मुले परत मिळावीत म्हणून वडिलांनी दावा लावला.

१९/
बेझंट यांनी स्वतःचा खटला स्वतः चालवला. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. तेथील अपीलही फेटाळले गेले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र १९१४ मध्ये हे आदेश रद्द केले. एक कारण अधिकारक्षेत्राचे होते : मुले इंग्लंडमध्ये असताना दावा चालवण्याचा अधिकार मद्रास प्रांतातील त्या जिल्हा न्यायालयाला नव्हता. दुसरे कारण या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. मुलांना समुद्रापार परत पाठवण्याचा आदेश देताना त्यांची स्वतःची इच्छा काय आहे, हे कोणीही जाणून घेतले नव्हते; त्यावर प्रिव्ही कौन्सिलने बोट ठेवले.

२०/
त्या वेळी कृष्णमूर्ती एकोणीस वर्षांचे होत होते आणि नित्यानंद सोळा. दोन वर्षे चाललेल्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी वडिलांचा हक्क, कराराचा अर्थ, बेझंट यांचा सहकारी लेडबीटर याची वर्तणूक या साऱ्यांचा ऊहापोह केला होता. केंद्रस्थानी असलेले दोन तरुण मात्र जणू खटल्यातील वस्तू होते. छत्तीस वर्षांपूर्वी जिच्या मुलीला न विचारता तिच्यापासून तोडले गेले, तीच स्त्री मुलांना विचारलेच नाही या मुद्द्याचा लाभ मिळवून जिंकली, हा इतिहासातील विलक्षण उलटफेर म्हणावा लागेल.

२१/
मुलाची निवड ही केवळ पाश्चात्त्य कल्पना आहे, असा समज होऊ नये. इस्लामी न्यायशास्त्राच्या शाफिई पंथात जुन्या काळापासून नियम आहे : मूल साधारण सातव्या वर्षी जाणते झाले की आई आणि वडील यांपैकी कोणाकडे राहायचे, हे त्याला विचारावे. भारतात बहुसंख्य असलेल्या हनफी पंथाचा नियम वेगळा असून त्यात वयोमर्यादेनुसार ताबा आईकडून वडिलांकडे जातो. महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की कोकणी मुसलमान समाज परंपरेने शाफिई आहे. म्हणजे कोकण किनाऱ्यावरील एका समाजाच्या धर्मशास्त्रात ही निवड शतकानुशतके ग्रंथित होती.

२२/
हिंदू समाजात घटस्फोटाचा कायदाच उशिरा आला. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १९३१ मध्ये, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि सर्व देशासाठी १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने. या अधिनियमाचे कलम २६ मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांविषयी आहे. न्यायालयाने आदेश देताना, जेथे शक्य असेल तेथे, तो मुलांच्या इच्छेशी सुसंगत ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमातही असेच शब्द आहेत. १८९० च्या ‘विचारात घेऊ शकेल’ या शब्दांशी तुलना केली की फरक कळतो. येथे मुलाची इच्छा हा आरंभबिंदू आहे. तिच्यापासून दूर जायचे तर कारण हवे.

२३/
पण पुढच्याच वर्षीच्या, १९५६ च्या, हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियमाने वडिलांनाच प्रथम नैसर्गिक पालक मानले. पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे असावे आणि मुलाचे हित सर्वोपरी असावे, असेही सांगितले. परिणामी न्यायालयांच्या हाती तीन सूत्रे आली : पालकाचा हक्क, मुलाचे हित, मुलाची इच्छा. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केले की मुले ही आई-वडिलांची मालमत्ता किंवा खेळणी नाहीत आणि त्यांच्या हितापुढे पालकांचा हक्क दुय्यम आहे. पहिले सूत्र मागे पडले. उरलेल्या दोहोंमधील ओढाताण आजही संपलेली नाही.

२४/
इंग्लंडमध्येही वारे फिरले. १९६९ मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी ॲगर-एलिस निकालाचा जाहीर अव्हेर केला. पालकाचा अधिकार मुलाच्या वाढत्या वयाबरोबर आटत जातो. त्याचा आरंभ हुकमाने होतो आणि शेवटी सल्ला देण्यापलीकडे त्यात काही उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १९८५ च्या गिलिक खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने हाच विचार पुढे नेला. प्रश्न सोळा वर्षांखालील मुलींच्या वैद्यकीय सल्ल्याचा होता. उत्तर असे मिळाले की पुरेशी समज आलेल्या मुलीला स्वतः संमती देता येते. आकड्याची रेषा गेली आणि समजेचे माप आले. तेच माप भारतीय कायद्यात १८९० पासून होते!

२५/
१९८९ हे वर्ष या इतिहासातील मोठे वळण. १६ नोव्हेंबर रोजी इंग्लंडच्या ‘चिल्ड्रन ॲक्ट’ला मंजुरी मिळाली, न्यायालयाने विचारात घ्यायच्या बाबींच्या यादीत पहिली बाब होती मुलाची इच्छा आणि भावना, वय व समज लक्षात घेऊन. चारच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. तिचे कलम १२ सांगते : स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय व प्रगल्भतेनुसार वजन दिले पाहिजे. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली.

२६/
काही देशांनी आकड्याचा मार्ग सोडला नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात चौदा वर्षांच्या मुलाला आई किंवा वडील निवडण्याचा हक्क कायद्याने आहे. पूर्वी निवडलेला पालक अपात्र ठरल्याशिवाय ती निवड बंधनकारक असे; आता ती मुलाच्या हिताविरुद्ध असल्यास न्यायालय बदलू शकते. जर्मनीत ताबा एकाकडे देण्यावर दोन्ही पालकांचे एकमत असले, तरी चौदा वर्षांच्या मुलाने विरोध केला तर ती मागणी आपोआप मंजूर होत नाही. न्यायालयाला हिताचा विचार करावा लागतो. म्हणजे चौदाव्या वर्षी मुलाचा शब्द हा नुसता सूर राहत नाही, त्याला कायदेशीर परिणाम असतो.

२७/
विचारायचे कसे, हाही प्रश्न होताच. भर न्यायालयात, आई-वडिलांच्या समोर ‘तुला कोण हवे?’ असे विचारणे म्हणजे मुलाला एकाचा विश्वासघात करायला लावणे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने लिंकन खटल्यात न्यायाधीशाने पालकांच्या अनुपस्थितीत मुलांशी एकांतात बोलणे योग्य ठरवले. भारतातही न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समुपदेशकांची आणि बंद दाराआडच्या सुनावणीची तरतूद केली. मुंबई आणि पुणे येथे १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. मुलाच्या बोलण्यातला खरा अर्थ शोधण्याचे काम अनेकदा या समुपदेशकांच्या वाट्याला येते.

२८/
मुलाच्या शब्दाला किती वजन द्यावे, याविषयी अलीकडचे निवाडे दोन टोकांच्या मधून वाट काढतात. २००८ मधील एका निवाड्यात आईच्या मृत्यूप्रकरणी आरोपी असलेल्या वडिलांकडे मूल सोपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मुलाची अनिच्छा दुर्लक्षित झाली हेही त्यामागचे एक कारण होते. उलट २०१७ मधील दुसऱ्या निवाड्यात याच न्यायालयाने सावध केले की दीर्घकाळ एकाच पालकाच्या सहवासात राहिलेल्या मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी दुरावा पेरला गेलेला असू शकतो. अशा मुलाची पसंती ही खरोखर त्याची असतेच असे नाही.

२९/
येथे या विषयाची खरी अडचण समोर येते. मुलाला विचारले नाही, तर तो मेबलसारखा किंवा श्रीपतसारखा इतरांच्या भांडणातील ऐवज ठरतो. त्याचाच शब्द अंतिम मानला, तर दोन्ही पालक तो शब्द मिळवण्यासाठी त्याच्यावर दबाव टाकू लागतात, आणि निकालाचे ओझे पंधरा वर्षांच्या खांद्यावर येते. ऐकले जाण्याचा हक्क आणि निर्णयाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालहक्क संहितेने पहिली दिली आणि दुसरी प्रौढांकडे ठेवली, यामागे हाच विवेक आहे.

३०/
भारतात आजही असे कोणतेही वय ठरलेले नाही, ज्या वयापासून मुलाचा शब्द न्यायालयाला बंधनकारक होतो. अठरा पूर्ण होताच ताब्याचा प्रश्नच मिटतो. त्याआधी सतरा वर्षांच्या मुलाचे म्हणणेही विचाराधीन बाबींपैकी एक असते. व्यवहारात वय जितके अधिक, तितके वजन अधिक. कारण सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध एखाद्या घरात ठेवणे कोणत्याही आदेशाला सोपे नसते. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात ताब्याच्या कायद्यांचा पुनर्विचार करून संयुक्त ताब्याची कल्पना मांडली. पण मुलाच्या मताचे नेमके वजन किती, याचे गणित अद्याप प्रत्येक न्यायाधीश आपल्यापुरते मांडतो.

३१/
इतिहासाचे विद्यार्थी जुने निवाडे वाचतात तेव्हा वादी, प्रतिवादी, न्यायाधीश आणि निकाल या चार ठिकाणी नजर जाते. ताब्याच्या खटल्यांत पाचवे ठिकाण शोधायची सवय लावून घ्यावी : ज्याच्याविषयी निकाल लागला, तो त्या कागदपत्रांत स्वतः कोठे बोलतो? १८४३ च्या मुंबईत त्याची ओढ वयाच्या एका मोजमापापुढे निष्फळ ठरली. १८८३ च्या लंडनमध्ये ती बोलली, तरी अधिकारापुढे तिचा शब्द फिका पडला. १९१४ मध्ये न बोललेल्यांची उणीव प्रथमच निकालाचे कारण झाली. कायद्याची भाषा त्यानंतर पुष्कळ बदलली. एखाद्या समाजाने आपल्या मुलांना किती गांभीर्याने घेतले, याचे उत्तर मात्र अधिनियमांच्या यादीपेक्षा त्या पाचव्या ठिकाणी अधिक खरे सापडते.